शेतीचा वाटा घटला, मग माणसं अजून शेतातच का?

श्रावणी
नमस्कार मंडळी. एम.ए. अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. विकसनशील देशांच्या ग्रामीण अर्थव्यवस्थेत शेतीचं स्थान कसं बदलत गेलं, यावर प्रबंध लिहितेय आणि पहिल्याच प्रकरणात गाडी अडली आहे.

जगाचे एकत्र आकडे पाहिले तर सगळं सरळ वाटतं. १९९१ साली जगातल्या काम करणाऱ्यांपैकी सुमारे ४४ टक्के लोक शेतीत होते, आता ते प्रमाण २६-२७ टक्क्यांवर आलंय. पण एकेक देश उघडून बघायला लागलं की कोडं पडतं. भारताचंच घ्या. स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत देशाच्या उत्पन्नातला शेतीचा वाटा निम्म्याच्या आसपास होता, आज तो १८ टक्क्यांच्या घरात आहे. काम करणाऱ्यांपैकी मात्र अजून ४६ टक्के शेतीवर. बरं, हा आकडा हळूहळू का होईना उतरत असता तरी समजलं असतं. श्रमशक्ती सर्वेक्षणात २०१८-१९ ला तो ४२.५ होता, २०२०-२१ ला ४६.५ झाला, आणि २०२३-२४ लाही ४६.१. महासाथ सरली, कारखाने सुरू झाले, तरी आकडा खाली येईना.

माझ्या मार्गदर्शकांचं म्हणणं असं की विकासातलं शेतीचं काम आता झालं. सरकारी पैसा रस्ते, उद्योग आणि लहान शहरांकडे वळावा, माणसं आपोआप बाहेर पडतील. मला हे मनापासून पटत नाही, पण मुद्देसूद उत्तरही देता येत नाही. माझा प्रश्न एवढाच: आजच्या ग्रामीण अर्थव्यवस्थेत शेती नेमकं कोणतं काम करते? आणि उत्पन्नातला वाटा घटूनही माणसं तिथंच का?

लेखाजोखा
श्रावणी, मार्गदर्शक दिशा बरोबर सांगतायत, आधी तेवढं मान्य करून पुढं जा.

एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये कामगार कुटुंबांचे खर्च तपासून दाखवलं होतं की कुटुंब जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा हिस्सा मोठा. म्हणजे देशाचं उत्पन्न वाढलं की अन्नाची मागणी वाढते, पण बाकीच्या मागणीपेक्षा सावकाश. शेतीचा वाटा घटतो तो यामुळे. त्यात शेतीचा काही गुन्हा नाही. दुसरीकडे अर्थतज्ज्ञ आर्थर लुइस. त्यांनी १९५४ मध्ये मांडलं की पारंपरिक क्षेत्रात गरजेपेक्षा जास्त हात अडकलेले असतात, आधुनिक क्षेत्र थोड्या जास्त मजुरीवर ते खेचून घेतं आणि हे जादा हात संपेपर्यंत मजुरी फारशी वाढत नाही. दक्षिण कोरिया बघ. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथले साठ टक्क्यांहून जास्त कामकरी शेतीत होते, आज पाच-सहा टक्के. गरिबीतून वर आलेल्या मोठ्या देशांपैकी बहुतेक सगळे याच वाटेने गेलेत.

उत्पन्नातला वाटा आधी घसरतो आणि माणसांचा वाटा बराच मागून येतो, हेही जवळपास सगळीकडे दिसलंय. त्यामुळे दोन आकड्यांत अंतर आहे एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. अंतर किती काळ टिकतं आणि का टिकतं, तिथं तुझा प्रबंध सुरू होतो.

मोजणीदार
मी आयुष्यातली बरीच वर्षं कुटुंब-सर्वेक्षणाच्या प्रश्नावल्या घेऊन दारोदार फिरण्यात घालवली. आता तेच काम नव्या मुलामुलींना शिकवतो. तेव्हा वहीतून नाही, ओट्यावर बसून जे दिसतं त्यातून सांगतो.

प्रश्नावलीत वरच्या बाजूला एक रकाना असतो, ‘कुटुंबाचा मुख्य व्यवसाय’. घरातला कर्ता क्षणाचाही विचार न करता सांगतो, शेती. आपण लिहितो. मग दोन पानं उलटल्यावर वर्षभराच्या कमाईचा तक्ता येतो आणि तिथं वेगळंच घर उभं राहतं. म्हातारा बाप शेत राखतो. कर्ता पेरणी आणि सुगीला शेतात, मधल्या महिन्यांत बांधकामावर. थोरला मुलगा दुसऱ्याच्या मालवाहू गाडीवर चालक. सुनेचं शिवणयंत्र आहे, लग्नसराईत बरं चालतं. सासू दोन जनावरं सांभाळते आणि दूध घालते. सगळी बेरीज केली तर पिकाचे पैसे एक तृतीयांशसुद्धा भरत नाहीत. आणि पहिल्या पानावर आपणच लिहिलेलं असतं, मुख्य व्यवसाय: शेती. यातलं कुणीही खोटं बोललेलं नसतं.

हे एकट्या-दुकट्या घराचं नाही. भारतातल्या शेतकरी कुटुंबांच्या राष्ट्रीय पाहणीत २०१२-१३ ला त्यांच्या उत्पन्नाचा ४८ टक्के भाग पिकांतून यायचा. २०१८-१९ ला तो ३७ टक्क्यांवर आला आणि मजुरी-पगार ४० टक्क्यांवर, म्हणजे पिकाच्या पुढं. लक्षात घ्या, ही ‘शेतकरी’ म्हणून निवडलेल्या कुटुंबांची पाहणी होती. जमिनीचे तुकडे होत गेले हे कारण उघड आहे. सरासरी धारणक्षेत्र, म्हणजे एका खातेदाराकडची जमीन, १९७०-७१ ला २.२८ हेक्टर होतं, २०१५-१६ ला १.०८. एवढ्याशा जमिनीवर आख्खं घर चालत नाही. तरी ‘विकाल का?’ असं विचारा. उत्तर ठरलेलं: छे.

का, ते तक्त्याच्या शेवटच्या भागात कळतं. तिथं आम्ही विचारतो, मागच्या वर्षी मोठा खर्च कोणता आला आणि तो कसा भागवला. दवाखाना, मयत, नोकरी गेली, मुलीचं शिक्षण. बांधकामावरचं काम मुकादमाच्या एका शब्दावर जातं. त्याला निवृत्तिवेतन नाही, आजारपणाची रजा नाही. शहरातली खोली भाड्याची. त्या माणसाच्या नावावर खात्रीची अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे तो तुकडा. त्यातून वर्षभराचं धान्य घरात येतं, त्यावर कर्ज मिळतं आणि सगळं फसलं तर परतायला जागा असते. विमा कंपनीने आणि सरकारने करायचं काम तो तुकडा करतोय.

हे आकड्यांत बघायचं असेल तर चीनकडे बघा. २००८-०९ च्या मंदीत निर्यातीचे कारखाने बंद पडले आणि सरकारी अंदाजानुसार सुमारे २ कोटी स्थलांतरित कामगार बेकार होऊन गावी परतले. एवढी माणसं शहरांच्या रस्त्यांवर आली नाहीत, कारण गावात त्यांच्या वाट्याची जमीन होती. भारतात २०२० ला तेच झालं. तुम्ही दिलेला ४२.५ वरून ४६.५ चा आकडा हाच. या चार टक्क्यांना शेतीने नवी कामं दिली नाहीत, आसरा दिला. तेवढ्याच रानात जास्त हात, एवढाच अर्थ. तेव्हा ‘माणसं शेतीत आहेत’ या वाक्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: शेती परवडते म्हणून असलेले, आणि दुसरीकडे पाय टेकत नाही म्हणून असलेले.

बाहेर पडणाऱ्यांचंही तसंच. काहींना बाहेरची बरी कमाई ओढून घेते, काहींना घरची अडचण ढकलून देते. सर्वेक्षणात दोघेही ‘बिगरशेती’ या एकाच खणात बसतात. फरक ओळखायची माझी एक साधी कसोटी आहे. ऐन पेरणीत आणि सुगीत मजुरी कशी चालली आहे ते बघा, आणि ती धान्याच्या दराशी ताडून बघा. माणसं ओढली जात असतील तर गावात मजूर मिळेनासा होतो, मजुरी महागाईच्या पुढं पळते, यंत्रं येतात, बाहेर गेलेल्यांची जमीन मागे राहिलेला वाट्याने किंवा खंडाने करतो आणि त्याचं रान वाढतं. ढकलली जात असतील तर यातलं काहीच होत नाही. एकाच वळणावर पाच टपऱ्या उभ्या राहतात, पाचांनाही गिऱ्हाईक नसतं, आणि सरकारी अहवालात ‘ग्रामीण बिगरशेती रोजगारात वाढ’ अशी नोंद होते. ही नोंद वाचली की मला फार वाईट वाटतं, कारण त्या टपरीवर कोण बसलंय हे मी पाहिलेलं असतं.

आता मार्गदर्शकांचा मुद्दा, की पैसा दुसरीकडे वळवा. ब्रूस जॉन्स्टन आणि जॉन मेलर या अर्थतज्ज्ञांनी १९६१ मध्ये शेतीची कामं मांडली होती: अन्न, निर्यातीतून परकीय चलन, उद्योगाला माणसं, उद्योगाला भांडवल, आणि उद्योगाच्या मालाला गिऱ्हाईक. पहिली चार सगळ्यांच्या तोंडी असतात. पाचवं विसरलं जातं, आणि गावाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं तेच. शेतकऱ्याच्या हातात चार पैसे आले की तो घराला पक्की भिंत बांधतो, दार बदलतो, पंप दुरुस्त करून घेतो, मुलांना शिकवणी लावतो. यातलं बहुतेक काम जवळच्या बाजारगावातच होतं, बाहेरून आणता येत नाही. गवंडी, सुतार, फिटर, शिंपी यांची कमाई तिथून सुरू होते.

पुन्हा चीन. १९७८ नंतर सामुदायिक शेती मोडून घराघराला जमीन कसायला दिली. धान्याचं उत्पादन १९७८ च्या सुमारे ३० कोटी टनांवरून १९८४ पर्यंत ४० कोटी टनांच्या वर गेलं. गावांतल्या आणि लहान नगरांतल्या उद्योगांत १९७८ ला २.८ कोटी माणसं होती, १९९६ ला साडेतेरा कोटी. क्रम बघा. आधी शेतकऱ्याच्या घरात पैसा आला, हात मोकळे झाले, मागणी उभी राहिली, आणि त्यावर गावातले कारखाने वाढले. कारखान्यांना गावच्या सत्तेचा पाठिंबा होता, बाजार बंदिस्त होता, ही कारणंही आहेत. पण पायथ्याला शेतकऱ्याचं उत्पन्न होतं.

हा पैसा कुणाच्या हातात पडतो यावरही सगळं अवलंबून. मोठ्या जमीनदाराची कमाई शहरात आणि परदेशात खर्च होते, लहान शेतकऱ्याची चार कोसांच्या आत. लेखाजोखा सरांनी कोरियाचं उदाहरण दिलं ते रास्तच आहे, पण ती गोष्ट साठच्या दशकाच्या आधी सुरू होते. १९५० च्या जमीन सुधारणेत तिथं शेतजमिनीच्या मालकीवर सुमारे तीन हेक्टरांची कमाल मर्यादा घातली गेली. तैवानमध्ये १९४९ ला खंड मुख्य पिकाच्या ३७.५ टक्क्यांवर आणला आणि १९५३ ला कसणाऱ्या कुळांना जमिनी विकत दिल्या. कारखाने आले तेव्हा गावात गिऱ्हाईक तयार होतं आणि शाळेत गेलेली पोरंही.

पाणकळा
मोजणीदार, तुमचा प्रतिसाद जपून ठेवतेय. पण तुमच्या तक्त्यातली सासू आणि सून मला अजून थोडा वेळ समोर हवी आहेत.

मी शेतकरी महिलांच्या गटांसोबत काम करते. घरातला पुरुष बाहेर पडला की शेती थांबत नाही, ती बाईच्या अंगावर येते. नेपाळचं उदाहरण सगळ्यात ठळक. तिथले तरुण आखाती देशांत, मलेशियात, भारतात कामाला जातात आणि त्यांनी पाठवलेला पैसा बरीच वर्षं देशाच्या उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त राहिलाय. मागे डोंगरउतारांवरची दूरची रानं पडीक पडलीत, कारण तिथवर खत डोक्यावरून नेणार कोण? घराजवळचं तेवढं कसलं जातं. म्हणजे पैसा गावात आला आणि पीक मात्र आक्रसलं. याला ओढणं म्हणावं की ढकलणं?

आणि बाई कसते तेव्हा काय होतं ते जवळून सांगते. बांधावर कृषी खात्याचा माणूस येतो आणि विचारतो, ‘मालक कुठायत?’ ती सांगते, परगावी. तो माहितीपत्रक तिच्या हातात देतो, म्हणतो मालक आले की वाचायला द्या, आणि निघून जातो. बियाणं तिने निवडलेलं असतं, पाणी तिने दिलेलं असतं, कीड तिने पहिली पाहिलेली असते. जमीन तिच्या नावावर नाही म्हणून पीककर्ज नाही, पाणीवाटपाच्या बैठकीत बोलायला जागा नाही. काय पेरायचं हे शेवटी फोनवर ठरतं, आणि ते ठरवणाऱ्याने दोन हंगामांत ते रान पाहिलेलं नसतं. अशा वेळी कमी कष्टाचं, कमी जोखमीचं पीक घेतलं जातं आणि उत्पन्न उतरतं. मग अहवालात येतं, ‘उत्पादकता कमी’.

हे बदलता येतं. इथिओपियात जमिनीची मालकी सरकारकडे आहे. तिथं २००० च्या दशकात अम्हारासारख्या भागांत कसण्याच्या हक्काची प्रमाणपत्रं वाटली, आणि त्यांवर नवरा-बायको दोघांची नावं आणि दोघांचे फोटो लावले. खर्च फार आला नाही. पण कागदावर स्वतःचा फोटो असलेल्या बाईला ‘मालक कुठायत’ विचारणं अवघड जातं.

श्रावणी, तुझ्या प्रबंधात ‘शेतीतली माणसं’ असं लिहिशील तिथं तिथं बाया किती आणि पुरुष किती हे वेगळं काढ, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

लेखाजोखा
दोन्ही प्रतिसाद वाचले. मोजणीदार, जमीन सुधारणेची आठवण करून दिलीत ते बरं झालं, क्रमाचा मुद्दा मला मान्य. पण एक अडचण उरतेच, ती मांडतो.

कोरिया, तैवान, चीन यांच्याकडे माणसं ओढून घेणारा कारखाना होता. अर्थतज्ज्ञ डॅनी रॉड्रिक यांनी दाखवून दिलंय की आजचे विकसनशील देश खूपच कमी उत्पन्नाच्या टप्प्यावर असतानाच त्यांचा कारखानदारीतला रोजगार माथ्याला पोचून उतरू लागतो. यंत्रं हातांची जागा घेतात, स्पर्धा जगाशी असते. मग शेतीतून सुटलेला माणूस कारखान्यात न जाता बांधकाम, वाहतूक, किरकोळ विक्री यांत जातो, आणि तिथली उत्पादकता शेतीपेक्षा फार मोठी नसते. शेतकऱ्याचं उत्पन्न वाढवून गवंडी-शिंप्याला काम मिळेल हे खरं, पण गवंडी आणि शिंपी मिळून देश किती पुढं जाणार? वाद घालायचा म्हणून विचारत नाही. मला स्वतःला या प्रश्नाने छळलंय.

श्रावणी
सगळ्यांचे आभार, डोकं भरून गेलंय. पाणकळा ताई, तुमची विनंती मान्य, तक्ते आजच वेगळे करायला घेते.

मोजणीदार सर, लेखाजोखा सरांच्या प्रश्नावर तुम्ही काय म्हणाल? आणि मला दोन-तीन महिने प्रत्यक्ष पाहणी करायची आहे. मी काय विचारू म्हणजे ‘आसरा म्हणून शेती’ आणि ‘धंदा म्हणून शेती’ वेगळी दिसेल?

मोजणीदार
लेखाजोखा सर, प्रश्न खरा आहे आणि त्याचं पुरं उत्तर माझ्याकडे नाही. पण मला वाटतं, शेत आणि ताट यांच्या मध्ये जी कामं आहेत ती आपण कमी लेखतो. निवड-प्रतवारी, साठवण, शीतगृह, दळण-कांडप, पशुखाद्य, वाहतूक, अवजारांची दुरुस्ती. उत्पन्न वाढतं तसं ताटातलं धान्य घटतं आणि दूध, भाजी, फळं, अंडी, मासे वाढतात, हे एंगेलच्याच वाटेवरचं पुढचं पाऊल. हा सगळा नाशवंत माल. तो सांभाळायला धान्यापेक्षा जास्त हात लागतात आणि त्यातले बरेच गावाजवळच लागतात. कोरियाच्या कारखान्याची जागा हे भरून काढेल असं मी म्हणणार नाही. पण जागतिक बँकेच्या २००८ च्या विकास अहवालातलं निरीक्षण विसरू नये: शेतीतून आलेली वाढ गरिबी कमी करायला बिगरशेती वाढीच्या निदान दुप्पट उपयोगी पडते. अजून बहुसंख्य गरीब जिथं आहेत, तिथला पैसा काढून घ्यायचा हे मला अर्थशास्त्र म्हणूनही पटत नाही आणि माणूस म्हणूनही.

दुसरं, ज्याला बाहेर पडायचंय त्याला जमीन न गमावता पडता आलं पाहिजे. बऱ्याच देशांत खंडाने दिली तर कूळ हक्क सांगेल या भीतीने मालक कागद करत नाही. मग कसणाऱ्याला तोंडी बोलीवर वर्षाची जमीन मिळते. तो त्यात विहीर कशाला खोदेल, बांध कशाला घालेल? व्हिएतनामने १९८८ मध्ये कसायचा अधिकार घराघराला दिला आणि १९९३ च्या कायद्याने तो हक्क खंडाने द्यायची, हस्तांतराची, वारशाची, तारण ठेवायची मोकळीक दिली. तांदूळ आयात करणारा तो देश १९८९ पासून मोठ्या निर्यातदारांत आला, आणि पुढं तिथली माणसं कारखान्यांकडे वळली तीही याच काळात.

आता तुमची प्रश्नावली. ‘मुख्य व्यवसाय’ हा रकाना ठेवा, तुलनेसाठी लागतो, पण त्यावर काही उभारू नका. त्याऐवजी घरातल्या प्रत्येक माणसासाठी महिन्यागणिक बारा रकाने करा आणि त्या महिन्यात कुठं, काय काम केलं ते लिहा. माणूस शेतात किती महिने आहे आणि दुसरं काम नाही म्हणून किती महिने आहे, हे तिथं आपोआप सुटं होतं. बाहेर असलेल्या सदस्याने पाठवलेला पैसा कशावर खर्च झाला ते विचारा: बियाणं-खतावर गेला की दवाखान्यावर. मागच्या पाच वर्षांत जमीन खंडाने घेतली-दिली का, कागद केला का, नसेल तर का नाही. सुगीची मजुरी दोन्ही बाजूंना विचारा, देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, फरक निघतो. आणि एक प्रश्न हमखास घाला: दर महिन्याला ठरावीक निवृत्तिवेतन मिळालं असतं तर ही जमीन ठेवली असती का? इथं घाई करू नका, माणसं बोलायला वेळ घेतात.

संध्याकाळी सगळे घरी असताना जा. कर्ता सांगेल ते लिहा, पण बारा महिन्यांचा तक्ता भरताना घरातल्या बाईला समोर बसवा. कोण कोणत्या महिन्यात कुठं होतं हे तिला तोंडपाठ असतं, आणि पाणकळांनी सांगितलेला हिशेबही तिथंच निघेल. कच्चा मसुदा झाला की इथंच टाका, रकाने बघून देतो.